टाळी वाजवली की तुमची पाळी

माझी वहिनी लेसावी एका जागी बसणाऱ्यातली नाही. चर्चमध्ये प्रवचन लांबलं की ती उठून बाहेरच्या कोंबड्या हाकलून येते. कधी कधी बाहेर कोंबड्या नसतातही. दादा घरी असला की तिचं हे जास्तच वाढतं. तेव्हा ती दिवसभर या टोकाचं त्या टोकाला ठेवत असते, आणि संध्याकाळी तेच परत उचलून आणते.

म्हणून राजधानीतून, विलाहून, नाटकवाले येणार म्हटल्यावर मी तिला आधीच बजावलं, "वहिनी, शेवटपर्यंत बसायचं. मध्ये उठलीस तर लोक हसतील."

"मग मी येतच नाही. तू बघ आणि मला सांग."

"मला नीट सांगता येत नाही. चल गप."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ ओबेद. आमच्या एपी बेटावरचे अर्धेअधिक तरणे पुरुष न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला जातात, तसा तोही जातो. सात महिने तिकडं, उरलेले इकडं, आणि असं बरीच वर्षं चाललंय. दर वेळी आला की तो सिमेंटच्या विटांच्या नव्या घराचे दोन-तीन थर चढवतो. यंदा भिंत खिडकीपर्यंत आली होती. राहायला अजून बांबूचंच जुनं घर, आमच्या कुंपणाला लागून. इकडच्या बाजूला मी आणि आई, पलीकडं दादा, वहिनी आणि त्यांची दोन पोरं, थोरली राहेल आणि धाकटा. कुंपणाला एक भगदाड आहे. सगळी भांडणं, मीठ, काड्यापेटी आणि पोरं त्यातूनच ये-जा करतात.

नाटक दुपारी होतं, मी जिथं लहान मुलांना शिकवते त्या शाळेच्या मैदानात, वडाखाली. अख्खं गाव चटया घेऊन आलं होतं. पुढं पोरं, मध्ये बायका, मागं झाडाला टेकून पुरुष. दादा त्या मागच्यांत. माझ्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला वहिनी. वहिनीच्या मांडीवर धाकटा झोपलेला, त्यामुळे ती निदान बसून तरी होती. पाय मात्र हलत होता.

नाटकवाल्यांची मुख्य एक जोसेलिन म्हणून बाई होती. ठेंगणी, जाडजूड, आवाज असा की मागच्या रांगेतल्या म्हातारबांनीही कानामागचा हात काढला. तिच्याबरोबर एक उंच पोरगा, विली, तो नवरा झाला होता. एक बारकी मुलगी बायको झाली होती. नाटक छोटंसंच होतं. बायको कपडे धुतेय, नवरा येऊन सांगतो की यादीत माझं नाव लागलं, पुढच्या महिन्यात जायचं. बायको रडते, पाय धरते. नवरा जातो. तिकडं त्याचं दुसरंच काही जुळतं, इकडं मळ्यात रान माजतं, पोर शाळा सोडतं, आणि शेवटी बायको एकटी चुलीपुढं बसून राहते. संपलं.

बायका डोळे पुसत होत्या. आई तर आवाज करून रडत होती, तिला रडायला आवडतं.

जोसेलिन पुढं आली. "असं संपलं. बरं वाटलं?"

"नाही!" सगळे ओरडले.

"मग बदला की! आम्ही पुन्हा पहिल्यापासून करतो. या बाईनं इथं वेगळं काही बोलायला हवं होतं, वेगळं वागायला हवं होतं, असं जिथं वाटेल तिथं टाळी वाजवायची. आमची ही मुलगी खाली बसेल आणि तिच्या जागी तुम्ही उभं राहायचं. बोला, भांडा, काय हवं ते करा. टाळी वाजवली की तुमची पाळी. आणि हे बघा, इथं बोललेलं नाटकातलं. ते नाटकातच ठेवायचं, घरी न्यायचं नाही."

पहिली टाळी नाओमीमावशीची. तिनं जाऊन शाळेचा झाडूच उचलला आणि विलीला असा धुतला की तो मैदानाला फेरी मारून आला. पोरं हसून लोळली. मग चर्चच्या पाळकांची बायको गेली. तिनं गुडघ्यावर बसून लांबलचक प्रार्थना म्हटली. विलीनं मान खाली घालून ती सगळी ऐकली, भक्तीनं "आमेन" म्हणाला आणि पिशवी उचलून चालू लागला. पुन्हा हशा.

"या पोराला काहीच लागू होत नाही," आई म्हणाली. "मी असते तर आजारी पडले असते. नवऱ्याला अडवायला आजारपणासारखं दुसरं काही नाही."

इतक्यात माझ्या कानाजवळ टाळी वाजली. वहिनीची. धाकटा माझ्या मांडीवर कधी आला ते मला कळलंच नाही. ती पुढं निघालीसुद्धा होती.

"बसेल तर शपथ," आई पुटपुटली.

वहिनीनं त्या मुलीच्या हातातलं ओलं फडकं घेतलं. विली आला, त्याचं नेहमीचं बोलला. "अगं, यादीत माझं नाव लागलं. पुढच्या महिन्यात जायचं."

वहिनी फडकं पिळत होती. म्हणाली, "जा."

लोक हसले. विली तिच्या रडण्याची वाट बघत उभा होता, त्याला काय करावं सुचेना. "जा? रडणार नाहीस?"

"गेल्या खेपेला रडले की."

"मग?"

"ते खोटं होतं."

मागून कुणीतरी शिट्टी मारली. विली हुशार, तो नाटकातून बाहेर आला नाही. हळूच म्हणाला, "खोटं? म्हणजे मी तुला नकोच आहे का?"

"तसं नाही." फडक्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं, तरी ती पिळतच होती. "तू गेलास की आधी घर खायला उठतं. मग हळूहळू जमायला लागतं. मळा मी बघते. छप्पर मी शाकारते. राहेलला ताप आला तर नर्सकडं न्यायचं की पाला द्यायचा, ते मी ठरवते. सगळं माझ्या हाताला बसतं. आणि मग तू येतोस. आल्या आल्या विचारतोस, कुऱ्हाड इथं का ठेवली, ते डुक्कर मला न विचारता का कापलं. मग मला पुन्हा बायको व्हायला शिकावं लागतं. जरा कुठं शिकते, तोवर तू निघालास. जायचं तर जा. राहायचं तर राहा. ही ये-जा मला सोसत नाही."

पुढची पोरं मागं वळून आपापल्या आयांकडं बघायला लागली.

विली म्हणाला, "पण मी परत येतो तेव्हा तुला आनंद होत असेल ना?"

तिथं तरी तिनं हो म्हणायचं. नाटक होतं, हो म्हणून मोकळं व्हायचं. पण ती म्हणाली, "विमानाचा आवाज आला की पोटात गोळा येतो."

आईनं फटाफट टाळ्या वाजवल्या. "खाली बस! मी टाळी वाजवलीय, खाली बस आता!"

"या आजी, तुमची पाळी," जोसेलिन म्हणाली.

"मी कशाला येऊ? मी फक्त हिला बसवायला वाजवली."

त्यावर सगळे इतके हसले की वहिनीला परत येऊन बसायला सवड मिळाली. ती बसली, धाकट्याला घेतलं, आणि पहिल्यांदाच तिचा पाय हलायचा थांबला. मी मागं वळून बघितलं. दादा ज्या झाडाला टेकला होता तिथं कुणी नव्हतं.

जोसेलिन म्हणाली होती की घरी न्यायचं नाही. पण गाव ते. त्या संध्याकाळी दादा पुरुषांच्या बैठकीच्या घरात कावा, म्हणजे मुळ्यांचा गुंगीचा रस, प्यायला गेला तर त्याच्या दोस्तांनी तोंडानं विमानाचा आवाज काढला. घुर्रर्र. दुसऱ्या दिवशी तो किनाऱ्यावर जाळं नीट करत होता, तिथंही घुर्रर्र. पोरंही शिकली. तो कुणावर चिडला नाही. नुसता उठून यायचा.

त्या रात्री जेवायला तो कुंपणाच्या भगदाडातून आमच्याकडं आला. आईनं त्याच्यापुढं लापलापचा, पानात भाजलेल्या कंदाचा, मोठा तुकडा ठेवला, पानावरचं नारळाचं दूध अजून गरम होतं. त्यानं दोन घास खाल्ले.

"तबी," तो मला म्हणाला, "त्या विलीनं जन्मात सफरचंदाचं झाड पाहिलेलं नाही. माझ्यासारखा शर्ट घातलाय एवढंच. त्याला सांगितलं तिनं सगळं. मला नाही सांगितलं."

"नाटक होतं, दादा."

"फडकं कोरडं झालं होतं तरी पिळत होती. ते नाटक होतं?"

मी ते वहिनीला सांगायला गेले. ती नव्या घराच्या अर्ध्या भिंतीआड कोंबड्यांना खोबरं टाकत होती. तिचा चेहरा सुजला होता.

"विलीनं विचारलं," ती म्हणाली. "'रडणार नाहीस?' असं विचारलं. तुझ्या भावानं कधी विचारलं?" मग जरा वेळानं म्हणाली, "मला हे बोलायचंच नव्हतं गं. मी ठरवून गेले होते की म्हणायचं, छपराचं काम उरकून मग जा. तिथं उभी राहिले आणि तोंड आपोआप चालायला लागलं. पोटात गोळा येतो, हे मलाही तेव्हाच कळलं."

"मग आता त्याला सांग ना तसं."

"जमत नाही. तो समोर बसला की मला घासायची भांडी दिसतात."

आईनं प्रकरण मुखियाकडं नेलं. योनाकाका आमच्या गावचे मुखिया, स्वभावानं मऊ. त्यांनी दोघांना बोलावलं. आम्ही बायका बाहेर चटईवर, पण कान आत.

"लेसावी, तू नवऱ्याला चारचौघांत कमीपणा आणलास म्हणतात."

"काका, मी नाही बोलले. नाटकातली बायको बोलली."

"तिचं नाव काय?"

"नाव नव्हतं तिला."

योनाकाका विचारात पडले. "जिला नाव नाही तिला दंड कसा लावू? आणि ओबेद, तुझं काय म्हणणं?"

"काही नाही," दादा म्हणाला.

"काही नाही कसं? काहीतरी म्हण. म्हणजे मला निवाडा करता येईल."

शेवटी काकांनी समेटाच्या रिवाजाप्रमाणं वहिनीला एक चटई आणायला लावली, दादाला एक कोंबडा आणायला लावला, आणि दोघांना हात मिळवायला सांगितलं. दादानं हात मिळवला, पण बघत होता कोंबड्याकडं. सगळ्यांना बरं वाटलं. मला नाही वाटलं. मी शाळेत जाऊन उगाच वर्ग झाडला, मग घरी येऊन अंगण झाडलं. वहिनीची सवय मला लागली होती.

दोन दिवसांनी सकाळी वहिनी भगदाडातून धावतच आली.

"तुझा भाऊ इथं आहे का?"

"नाही."

"चांगला शर्ट घालून गेलाय. कोयता पण खुंटीला नाही."

कोयता न घेता आमच्याकडं कुणी घराबाहेरच पडत नाही, पण चांगला शर्ट आणि कोयता एकत्र म्हटल्यावर मीही उठून उभी राहिले. आई चुलीपाशी होती, ती म्हणाली, "भुशिराकडच्या वाटेनं गेला मघाशी. मी हाक मारली, त्यानं वळूनही बघितलं नाही."

भुशिरापलीकडच्या गावात त्या दिवशी नाटकवाले होते.

"विलीला मारायला गेला," वहिनी म्हणाली. "तबी, चल!"

शाळेला सुट्टी होतीच. धाकट्याला आईकडं टाकून आम्ही निघालो. ती पुढं, मी मागं. भुशिराची वाट चढाची, खाली समुद्र. वहिनी चालत नव्हती, पळत होती. मध्ये थांबायची, म्हणायची, "नाही, तो तसा नाही," आणि पुन्हा पळायला लागायची. नदी लागली तिथं भरतीचं पाणी कमरेपर्यंत आलं होतं. मी म्हटलं, ओहोटी होईपर्यंत थांबू. तिनं ऐकलंच नाही. चपला डोक्यावर धरून शिरली पाण्यात.

"मारलं तर काय होईल गं?" पलीकडं निघाल्यावर तिनं विचारलं.

"काय होणार? पोलीस येतील विलाहून. तीन दिवसांनी."

"आणि मी काय सांगू? नाटकामुळं मारलं म्हणून?"

तिच्या तोंडून हसू फुटलं, आणि लगेच रडूही. ती तशीच चालत राहिली.

गावात पोहोचलो तेव्हा नाटक अर्ध्यावर आलं होतं. चर्चच्या बाजूला, फणसाच्या झाडाखाली. आम्ही मागं एका झोपडीच्या आडोशाला उभ्या राहिलो, ओल्याच. दादा दिसला. कोयता बाजूला जमिनीत रोवलेला, गुडघे पोटाशी घेऊन तो पुरुषांच्या मागं बसला होता. विली पुढं होता, धडधाकट. वहिनीनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

तीच गोष्ट, तोच शेवट. जोसेलिननं विचारलं, बरं वाटलं का, लोक म्हणाले नाही. मग टाळ्या सुरू झाल्या. या गावातल्या एका म्हातारीनं विलीची पिशवी लपवून ठेवली. एका मुलीनं सरळ सांगितलं की जातोस तर मलाही घेऊन चल, त्यावर बायकांनी तिला उचलून धरलं.

मग दादानं टाळी वाजवली.

तो उभा राहिला आणि पुढं चालू लागला. वहिनी झेपावलीच, मी तिला धरून ठेवलं. "कोयता मागंच आहे," मी तिच्या कानात म्हटलं. "बघ, मागंच आहे."

"तुम्हाला नवऱ्याचं काम करायचंय?" जोसेलिननं विचारलं.

"नाही. बायकोचं."

मैदान फुटलं. पुरुष मांड्या बडवायला लागले. कुणीतरी ओरडलं, "झगा आणा रे याला!" आमच्या गावात असं झालं असतं तर दादा मेलाच असता. इथं त्याला ओळखणारे थोडे. त्यानं त्या मुलीच्या हातातलं ओलं फडकं घेतलं आणि उकिडवा बसून ते बादलीत घुसळू लागला. विली त्याच्यापुढं आला. विलीनं त्याला ओळखलं होतं की नाही, मला माहीत नाही.

"अगं, यादीत माझं नाव लागलं. पुढच्या महिन्यात जायचं."

"बरं," दादा म्हणाला. आवाज बाईसारखा काढला नाही, आपलाच ठेवला. "मला एक सांग. तिथं रविवारी काय करतोस?"

विली अडखळला. "रविवारी? चर्चला जातो. तुझी आठवण काढतो."

"चर्च सकाळी संपतं. मग?"

"मग... कपडे धुतो."

"ते शनिवारी. मग?"

"झोपतो."

"कुठं?"

लोकांना मजा वाटायला लागली. विलीनं इकडं तिकडं बघितलं. "खोलीत."

"खोलीत कोण कोण असतं? खिडकीतून काय दिसतं? थंडी कशी असते?"

विली शेवटी हसला, हात वर केले. "मला नाही माहीत. बायको, तूच सांग."

दादा फडकं हातात घेऊन उभा राहिला. त्याचं पाणी पायांवर गळत होतं. जोसेलिन मध्ये पडली नाही, ते बरं केलं तिनं.

"खोलीत आम्ही सगळे एकावर एक, फळ्यांवर," तो म्हणाला. "खिडकीतून झाडांच्या रांगा दिसतात. चर्च झालं की बाकीचे झोपतात, मी नदीवर जातो. तिथं नदीला पाण्यापेक्षा दगड जास्त. तिथं बसतो. कुणी बोलवायला येत नाही. कुणाची मयत नाही, कुणाचं लग्न नाही, कुणाला सिमेंट नको, कुणाच्या पोराची फी नको. मालक सांगतो ही रांग तोड, मी ती रांग तोडतो. बस्स. घरी सांगतो की घरासाठी जातो. घरासाठीच जातो. पण..." त्यानं फडकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "पण मला तिथं बरं वाटतं. तिथं बसून घर आठवतं, म्हणून बरं वाटतं. घरी आलो की सफरचंदं तोडायची ती शिडी आठवते. हात आपोआप वर जातात झोपेत, फळ तोडायला. घरात कुठं बसायचं ते कळत नाही. सगळ्या जागा भरलेल्या असतात. मग मी कुऱ्हाडीचं काढतो. काहीतरी विचारायला हवं ना? कुऱ्हाड इथं का, एवढंच मला विचारता येतं."

मला माझ्या भावाचं एवढं लांब बोलणं लहानपणानंतर ऐकायला मिळालं नव्हतं.

माझ्या दंडावरचा हात सुटला. वहिनी झोपडीआडून निघाली. टाळी तिनं वाजवली की नाही मला आठवत नाही, बहुतेक नाहीच. ती माणसांतून वाट काढत पुढं गेली आणि विलीला म्हणाली, "तू बस. मी नवरा होते."

दादानं तिला बघितलं. ओला झगा, केस सुटलेले, पायाला चिखल. त्यानं पळून जायचं की उभं राहायचं, हे त्याच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं. तो उभा राहिला.

वहिनीनं विलीची पिशवी खांद्याला लावली. "अगं," ती दादाला म्हणाली, "मी परत आलो."

हे नाटकात नव्हतं. नाटकात नवरा जातो, येत नाही.

दादा म्हणाला, "तू आलास की माझ्या पोटात गोळा येतो."

तिचेच शब्द. त्यानं ते चिडवून म्हटले नाहीत. अगदी सरळ म्हटले, जसं कुणी सांगावं की आज पाणी गढूळ आहे. वहिनीच्या खांद्यावरची पिशवी घसरत होती, ती तिनं दोनदा वर ओढली.

"मग मी कुठं जाऊ?" ती म्हणाली.

आणि तिथंच थांबली. दोघं एकमेकांकडं बघत उभे, एकाच्या हातात फडकं, एकीच्या खांद्याला पिशवी. कुणा बाईनं मोठा उसासा टाकला. जोसेलिन हळूच पुढं आली, दोघांच्या मध्ये उभी राहिली, म्हणाली, "इथं थांबूया." तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक आला.

लोकांनी जेवायला थांबा म्हणून आग्रह केला. आम्ही थांबलो नाही. परतीच्या वाटेवर दादा पुढं, कोयत्यानं वाटेवरच्या फांद्या छाटत. गरज नसलेल्याही छाटत होता. वहिनी मध्ये, मी मागं. ओहोटी लागली होती, नदी गुडघ्याएवढीच राहिली होती. त्या दोघांनी वाटेत काहीही बोलू नये, असं मला वाटत होतं, आणि काहीतरी बोलावं, असंही वाटत होतं. पाण्याच्या मधोमध दादानं मागं न बघता विचारलं, "तू मला मारामारी करायला गेलो समजलीस ना?"

"हो."

"विली चांगला पोरगा आहे."

"आहे."

एवढंच. घरी आल्यावर आईनं विचारलं, मारलंत का कुणाला, आम्ही नाही म्हटलं, तर ती जरा नाराजच झाली.

त्या वर्षी दादा गेला. नाव लागलेलं, तिकीट आलेलं, मागं फिरायला वाट नव्हती. धावपट्टीवर सगळ्या बायका रडल्या. वहिनी रडली नाही. तिनं त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली आणि म्हणाली, "येताना आधी आईकडं उतर."

"म्हणजे?"

"आईकडं राहा. मी बोलवीपर्यंत."

मला वाटलं रागानं म्हणाली. आईला तर खात्रीच होती. सात महिने तिनं गावभर सांगितलं की सुनेनं माझ्या लेकाला घराबाहेर काढलं.

पण दादा आला तेव्हा खरंच आमच्याकडं उतरला. सामान आमच्या पडवीत. सकाळी उठून तो आमची लाकडं फोडायचा, दुपारी पोरं भगदाडातून त्याच्याकडं यायची. पाहुणा जातो तसा तो संध्याकाळी वहिनीच्या अंगणात जायचा, बाहेरूनच हाक मारायचा, ती जेवायला वाढायची, जेवून परत. कुऱ्हाड कुठं आहे ते विचारायचा नाही. विचारायला त्याचं घरच नव्हतं ते. पहिले काही दिवस दोघं बावरल्यासारखे वागायचे. मग अंगणातलं बसणं लांबायला लागलं. एकदा मी मीठ मागायला गेले तर तो तिला हातवारे करून काहीतरी सांगत होता, शिडी कशी लावतात ते असावं, आणि ती तोंडावर हात धरून हसत होती.

गावानं अर्थातच तोंडसुख घेतलं. "ओबेद, लग्न मोडलं की जमतंय?" दोस्त विचारायचे. तो म्हणायचा, "बघू. मुलीकडचे विचार करतायत."

आईला हे काही पटेना. "लग्न झालेला लेक आईच्या पडवीत! शोभतं का? मी उद्या तिला सांगते, घेऊन जा तुझं सामान."

सांगायची वेळ आली नाही. एका दुपारी आम्ही तिघं नारळ सोलत बसलो होतो. वहिनी भगदाडातून आत आली. हात ओले, काम टाकून आल्यासारखी. दादासमोर उभी राहिली. चुळबुळ चाललेली, या पायावरून त्या पायावर.

"चल," ती म्हणाली.

दादानं हातातला नारळ खाली ठेवला. "आत्ता?"

"मग कधी? नंतर मला परत काहीतरी काम निघेल."

तो उठला. आईनं त्याची चटई गुंडाळून त्याच्या काखेत दिली आणि मला म्हणाली, "अगं, त्याची ती बॅग पण दे. नाहीतर रात्री परत येईल."

आता ही त्यांची रीतच झालीय. जाऊन आला की थोडे दिवस आमची पडवी. दादाचे पाय अजून एका जागी ठरत नाहीत. यंदा त्यानं यादीत नाव घातलं, काढलं, परवा पुन्हा घातलं. वहिनीही तशीच, कालच अर्धा मळा या कडेचा त्या कडेला लावला. पण काल ती मला म्हणाली, "तबी, तो जाईल की राहील, मला माहीत नाही. त्यालाही माहीत नाही. आम्ही दोघं रात्री तेवढंच बोलत बसलो होतो."

"मग काय ठरलं?"

"काही नाही गं. नुसतं बोलत बसलो होतो."